सूचीखालचं गवत

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास माझ्या नकाशाचा एक तुकडा सुटला आणि त्याखालून समुद्र निघाला.

तुम्हाला वाटेल, बाई नाटकी बोलतेय. मी नाटकी नाही. मी ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी नेमणुकीच्या कागदावर तसंच लिहिलंय. शहराच्या नगररचना कार्यालयात चौतीस वर्षं मी नकाशे काढले. साहेब आले, साहेब गेले, नकाशे माझेच राहिले. पुढच्या महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त होणार, आणि माझी शीट नंबर सतरा काचेच्या चौकटीत बसवून खालच्या दालनात लावायची, असं ठरलं होतं. कार्यालयातली सर्वांत देखणी शीट म्हणून. हे कळलं तेव्हा मी "कशाला उगाच" असं म्हटलं होतं आणि घरी जाऊन आरशात बघून हसले होते.

म्हणून तर तीच शीट आधी स्कॅन करायला काढली. जुन्या शीट संगणकात घालायला कंत्राटावर एक बाई आली आहे, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान आणि तोंडाने फटकळ. मी तिला स्कॅनरवाली म्हणते, ती मला मॅडम म्हणते. तिने कापडी शीट काचेवर पसरली, दिव्याची पट्टी एकदा फिरली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या सूचीचा कागद एका बाजूने वर आला. दिव्याची ऊब लागली असेल, किंवा तेहेतीस वर्षांपूर्वीची खळ वाळून गेली असेल.

सूची म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट. ही जाड रेघ म्हणजे रस्ता, ही ठिपक्यांची म्हणजे हद्द, हा हिरवा म्हणजे बाग, असं सांगणारी. आमच्याकडे सूची वेगळ्या कागदावर काढून शीटवर चिकटवायची पद्धत होती. पुढे काही बदललं तर तेवढाच कागद बदलता येतो. सतरा नंबरची सूची मी काढली, मी कापली आणि मीच चिकटवली. नोकरीचं पहिलं वर्ष होतं.

"मॅडम, हे सुटतंय. काढू का पूर्ण?"

"तू हात लावू नकोस," मी म्हटलं आणि कोपरा स्वतः धरला. अख्खा कागद सालीसारखा हातात आला.

खाली कोरं कापड असणार होतं. समुद्रात काय असणार? आमचा नकाशा किनाऱ्याच्या रेघेला संपतो. अलीकडचं आमचं, पलीकडचं बंदरवाल्यांचं, आणि बंदरवाल्यांना विचाराल तर ते म्हणतात, बोटी जातात तेवढंच आमचं. पण त्या कापडावर खुणा होत्या. फिकट शाईतल्या, तीन पात्यांच्या, गवताच्या. एकदोन नाहीत, शेकडो, ओळीने. जुन्या समुद्र-सर्वेक्षणवाल्यांनी, कापड आमच्याकडे येण्याआधी, काढून ठेवलेल्या. मधोमध त्यांचं टोकदार अक्षर: 'गवत, दाट. ओहोटीला उघडं. माशांची पिल्लं. इथे नांगर टाकू नये.'

मी बसले. मागे खुर्ची आहे की नाही तेही न बघता बसले, नशिबाने होती.

"काय झालं?" स्कॅनरवालीने विचारलं.

मी एका रेघेवर बोट ठेवलं. शीट सतरावर एक निळी रेघ आहे, दोन वर्षांपूर्वी वाढवलेली. टेकडीमागे चाळीस हजार माणसांची नवी वस्ती झाली आहे. तिथल्या रस्त्यांवरचं, गॅरेजांमधलं, बाजारातलं सगळं वाहतं पाणी एका मोठ्या नळाने समुद्रात सोडायचं आहे. तो नळ म्हणजे ही निळी रेघ. ती वस्तीतून निघते, हमरस्ता ओलांडते, किनाऱ्यावर येते आणि माझ्या चौकटीला टेकून थांबते. नळ टाकून झाला होता. शुक्रवारी त्याचं दार उघडायचं होतं. मंगळवार चालू होता.

चौकटीच्या आत काय आहे, हे कुणीच विचारलं नाही, असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. एकाने विचारलं होतं. माझ्या धाकट्या भावाने.

आम्ही दोघंच भावंडं. लहानपणी दोघांत एक वही असायची. मी माझं पान अगदी कडेपर्यंत भरायची, समास सोडायची नाही, म्हणून शाळेतल्या बाईंची बोलणी खायची. धाकटा वहीच्या वाटेला फारसा गेला नाही. तो किनाऱ्यावर रमला, तिथेच राहिला. ओहोटीला शिंपल्या आणि खेकडे, भरतीला छोटं जाळं, एवढ्यावर त्याचा आणि भावजयीचा संसार चालतो. त्याची हरकत दोन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात आली: नळ आमच्या गवतात सोडताय, सोडू नका. नियमाप्रमाणे त्याने नकाशा जोडला होता. आमच्याच खिडकीतून विकत घेतलेली शीट सतराची प्रत. फक्त तिच्यातली सूची त्याने ब्लेडने कापून काढली होती, त्या भोकामागे पांढरा कागद लावला होता, आणि त्यावर बॉलपेनने गवत काढलं होतं.

हरकतींना जोडलेले नकाशे तपासायचं काम माझं. माझी चौकट कापलेली बघून माझं डोकं फिरलं. गवताकडे मी नीट बघितलंसुद्धा नाही. शेरा लिहिला: 'जोडलेला नकाशा मोडतोड केलेला. ग्राह्य नाही.' खाली सही, सुंदर अक्षरात.

तो घरी आला होता त्यानंतर. "ताई, माझी जागा तुझ्या चौकटीखाली आहे," म्हणाला. "एकदा येऊन बघ."

"तिथे काही नाही," मी म्हटलं. "नकाशा मी काढलाय."

चहा अर्धा तसाच ठेवून तो उठला. तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं नाही.

आता ते बॉलपेनचं गवत आणि हे शाईचं गवत माझ्या डोळ्यांपुढे एकावर एक बसत होतं. जरासुद्धा फरक नव्हता.

स्कॅनरवालीला तेवढ्यात काय सुचावं. तिने माझ्या हातातला कागद घेतला आणि परत जागेवर ठेवून बघितला. "मॅडम, गंमत बघा. तुमची गॅलरी."

हे सांगायला हवं. माझ्या चौकटीला एक खोड आहे. अक्षरं संपली की उजवीकडे बोटभर जागा मोकळी, आणि मग चौकटीची रेघ. सगळे तिला 'मॅडमची गॅलरी' म्हणतात. नवीन येणारा प्रत्येक जण ती गिरवायला शिकला. संगणकातला नमुना केला, त्यातही गॅलरी आली. आज या शहराच्या प्रत्येक नकाशावर ती आहे.

"गवताच्या शेवटच्या दोन ओळी बरोबर गॅलरीखाली जातात," ती म्हणाली. "मापात. कशाला ठेवली होती हो ही मोकळी जागा?"

"डोळ्याला बरी दिसते म्हणून," मी म्हटलं. "योगायोग आहे."

तिने कागद माझ्या हातात परत दिला. मी त्या विचाराला पुढे जाऊ दिलं नाही.

बुधवारी साहेबांकडे गेले. आमचे साहेब वाईट नाहीत. मूळचे इंजिनिअर, नळाची आखणी त्यांचीच. सुटलेला कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला, शीट उलगडली, आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"ही जागा कशी निवडलीत?" मी विचारलं.

"नळ सोडायला नकाशावर रिकामी जागा शोधायची असते," ते म्हणाले. "तुमच्या सूचीइतकी रिकामी जागा अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती."

"आणि हे माहीत असतं तर?"

"जुन्या धक्क्याकडे नेला असता. तीनशे मीटर पलीकडे. तिथे खडक आहे, पाण्याला ओढ आहे, घाण साचत नाही. चार दिवसांचं काम होतं आखणीचं."

त्यांनी हे इतकं सहज सांगितलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. रात्रभर मी स्वतःची समजूत घातली होती, की काहीतरी मोठी अडचण असणार, शहर वाढतं, कुठेतरी कुणाला सोसावं लागतं. तसं काहीच नव्हतं. चार दिवस. एक पेन्सिल आणि चार दिवस.

"मग आता न्या," मी म्हटलं.

"आता नकाशा मंजूर आहे. सूचीसकट मंजूर आहे. मी तो बदलू शकत नाही." त्यांनी शीट माझ्याकडे वळवली. "तुम्ही बदलू शकता, हे तुम्हालाही माहीत आहे."

माहीत होतं. आखणीची चूक असेल, तर ज्याने शीट काढली त्यानेच, नोकरीत असेपर्यंत, दुरुस्तीची चिठ्ठी द्यायची. जागेवर जाऊन स्वतः पाहिलं, असं तारीखवार लिहायचं. चिठ्ठी आवक झाली की त्या शीटवरचं काम तपासणी होईपर्यंत बंद. असा नियम आहे. माझ्या डोळ्यांदेखत तो तीनदा वापरला गेला, त्यातल्या दोनदा रस्त्याचं नाव चुकलं होतं म्हणून.

"पण एक विचार करा," साहेब म्हणाले. "किनाऱ्याच्या शीट किती?"

"अकरा."

"सूच्या कुठे आहेत त्यांच्यावर?"

डोळ्यांपुढे माझ्या नोकरीतले पहिले मोठे साहेब आले, माझ्या टेबलापाशी उभे. 'सूची समुद्रात टाकत जा,' म्हणायचे. 'जमिनीवर जागा अडते. समुद्रात काही नसतं.' अकराही शीट मी काढल्या. अकराही सूच्या समुद्रात होत्या. त्यांच्याखाली काय आहे, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यातल्या सहांवर गेल्या तीस वर्षांत काही ना काही बांधून झालं होतं.

"एक चिठ्ठी दिलीत तर उरलेल्या दहांचं लोक विचारणार," साहेब म्हणाले. "तुमच्या हातून. निवृत्तीच्या तोंडावर." मग ड्रॉवरमधून खळीची बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. अगदी हळू आवाजात म्हणाले, "चिकटवण्यात तुमचा हात कोण धरणार, मॅडम."

मी बाटली घेतली. उगाच शूरपणा सांगत नाही, घेतली. टेबलावर शीट पसरली, कागद उलटा केला आणि ब्रशने खळ लावली, कडेपासून मध्याकडे, हवा राहू नये अशी. चौतीस वर्षांची सवय, हात आपोआप चालले. मग कागद उचलला आणि 'नांगर टाकू नये' वर नजर गेली. कुणीतरी होडीतून, हलत्या पाण्यात, शाई सांडू न देता ते लिहिलं होतं. माझ्याच धंद्यातलं कुणीतरी. मी कागद हातात धरून उभी राहिले, आणि खळ माझ्या बोटांवर वाळली.

तेव्हा मी एक पळवाट काढली. तेहेतीस वर्षांत गवत राहिलंच असेल कशावरून? बोटी आल्या, घाट झाला, पलीकडे हॉटेलं झाली. मेलं असेल. जाऊन बघू. नसलं, तर चिठ्ठीचा प्रश्नच नाही, आणि मी खाली मान घालून कागद चिकटवायला मोकळी. गुरुवारी सकाळी पावणेसातला मोठी ओहोटी होती. मी पहिली बस धरली. गवत मेलेलं असू दे, अशी इच्छा करत मी माझ्या भावाच्या घरी निघाले होते. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

दार भावजयीने उघडलं. दोन वर्षांनी दारात नणंद, तीही सकाळी सहाला. "कोण गेलं?" हेच तिच्या तोंडून आलं.

"कुणी नाही गं. मला गवत बघायचंय."

तिने आत वळून बघितलं. धाकटा जाळं खांद्यावर टाकून उभा होता. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. "चपला काढ," म्हणाला. दोन वर्षांनंतरचा पहिला शब्द.

पाणी खूप मागे गेलं होतं. मी या शहरात जन्मले, समुद्र रोज बसमधून बघते, पण इतका मागे गेलेला मी कधी बघितला नव्हता; मला वाटायचं समुद्र म्हणजे वर दिसतं तेवढं पाणी. आणि तिथे, जिथे पाणी असायला हवं होतं, तिथे हिरवं होतं. फितीसारखी पाती, ओली, एकाच दिशेला आडवी पडलेली. एवढं हिरवं, की शहरात असतं तर आम्ही त्याला कुंपण घालून पाटी लावली असती.

मी पुढे पाऊल टाकलं, तसा धाकट्याने दंड धरला. "तिथे पाय नको. वाळूच्या पट्टीवरून ये, माझ्या मागून." शहरातले सगळे फुटपाथ मी आखलेत, आणि इथे पाय कुठे ठेवायचा ते मला भाऊ शिकवत होता. मी त्याच्या पावलावर पाऊल ठेवत गेले. खळग्यांत पाणी साचलं होतं आणि त्यात नखाएवढे मासे होते, शेकड्यांनी. माझी सावली पडली की सगळे एकदम गवतात शिरायचे. पाती बाजूला केली तर पात्यापात्याला काही ना काही चिकटलेलं, गोगलगाय, अंडी, डोळे. मी मेलेलं बघायला आले होते.

"कुठपर्यंत आहे?" मी विचारलं.

"चाल की."

चाललो. माझ्या टेबलावर ती चौकट वीतभर आहे. इथे संपेना. मी मनात मापं धरत होते, ती सवय जात नाही: वीतभर म्हणजे आठशे मीटर. आणि बोटभर गॅलरी म्हणजे साठ. उजवीकडच्या त्या शेवटच्या साठ मीटरांत भावजय टोपली घेऊन वाकली होती. शिंपल्या तिथेच जास्त मिळतात, धाकटा म्हणाला, तिची ती ठरलेली जागा. ती रोज माझ्या गॅलरीत उभी राहत होती.

तिच्या पाठीमागे, किनाऱ्याच्या भिंतीत, नळाचं तोंड होतं. मी नकाशावर ते पेन्सिलच्या टोकाएवढं बघितलं होतं. इथे त्यात माणूस उभा राहिला असता. लोखंडी दार, त्यावर नवा रंग, आणि दाराच्या बरोबर खाली गवत. मी त्या दाराकडे बघत राहिले. उद्या सकाळी दहा वाजता ते उघडणार होतं.

"तो तुझा कागद सुटला का?" धाकट्याने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"नाहीतर तू कशाला येशील." तो रागाने म्हणाला नाही, म्हणून जास्त लागलं. मग त्याने पाण्याकडे बघत विचारलं, "ताई, तेव्हा दिसलं होतं का तुला? चिकटवताना?"

"नाही," मी म्हटलं.

तो नुसता "बरं" म्हणाला.

परत आलो तेव्हा मी त्याच्या शेडच्या दारात पाय धुवायला थांबले. जाळी, दोऱ्या, एक मोडका तराजू. दाराच्या आतल्या बाजूला, ओलीपासून वाचेल अशा उंचीवर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार खिळ्यांनी ठोकलेला एक कागद होता. मी जवळ जाऊन बघितलं. ही रेघ म्हणजे रस्ता, ही ठिपक्यांची म्हणजे हद्द. माझी सूची. त्याने प्रतीतून कापलेली, जिच्यापायी मी त्याचा अर्ज परत पाठवला होता ती. कडा ब्लेडने इतक्या सरळ कापल्या होत्या की एका अक्षराला धक्का लागलेला नव्हता.

"हे का ठेवलंस?" मी विचारलं.

"अक्षर तुझं आहे ना," तो जाळं झटकत म्हणाला. "टाकवलं नाही."

बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि मला सगळं आठवत होतं. आठवत होतं असं तरी का म्हणू, मी ते कधी विसरलेच नव्हते, फक्त त्याच्याकडे पाठ करून बसले होते. मी चोवीस वर्षांची. सूचीचा कागद मापून कापला, जागेवर ठेवून बघितला. डावीकडून, वरून, खालून सगळं झाकलं गेलं, पण उजवीकडे गवताच्या दोन ओळी बाहेर डोकावत राहिल्या, फ्रॉकखालून अस्तर दिसावं तशा. मोठे साहेब यायच्या बेतात. मी तो कागद फेकला, दुसरा घेतला, बोटभर रुंद कापला आणि सूची परत पहिल्यापासून लिहिली. मोकळ्या राहिलेल्या जागेबद्दल साहेबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, डोळ्याला बरं दिसतं. साहेब म्हणाले, वा. ती माझी नोकरीतली पहिली शाबासकी.

मी सरळ आवक विभागात गेले. तिथले कारकून, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी कपाटाच्या तळातून दुरुस्तीच्या चिठ्ठीचा फॉर्म शोधून काढला, फुंकर मारून दिला. मी शीट क्रमांक लिहिला, जागा लिहिली, जागेवर पाहिल्याची तारीख आणि वेळ लिहिली. मग 'चूक होण्याचं कारण' हा रकाना आला.

"तिथे नजरचूक लिहा," काका म्हणाले. "सगळे तेच लिहितात. पुढे कुणी विचारत नाही."

मी लिहिलं: 'नजरचूक नाही. गवताच्या खुणा दिसत होत्या. चौकटीबाहेर येणाऱ्या दोन ओळी वाईट दिसत होत्या, म्हणून सूचीचा कागद बोटभर रुंद कापून त्या झाकल्या.' आणि सही केली. अक्षर चांगलं आलं नाही.

काकांनी वाचलं. चष्मा काढून परत वाचलं. "मॅडम, एक महिना राहिला होता तुमचा."

"शिक्का मारा."

शिक्का बसला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. काकांनी नियमाप्रमाणे नळाच्या जागेवर फोन लावला आणि रुक्ष आवाजात सांगितलं, शीट सतरावरचं काम तपासणीपर्यंत बंद, दार उघडायचं नाही. पलीकडून कुणीतरी बरंच काही बोललं. काका "लेखी आहे" एवढंच म्हणत राहिले. तपासणीत काय होईल ते मला माहीत नव्हतं. नळ धक्क्याकडे वळेल की सगळे मिळून मला वेड्यात काढतील, काहीच माहीत नव्हतं. पण शुक्रवार टळला.

"आणखी दहा फॉर्म द्या," मी म्हटलं.

काकांनी कपाट परत धुंडाळलं. "चारच आहेत. एवढे कधी लागलेच नाहीत."

"मग उरलेले हाताने आखते."

टेबलावर आले, स्कॅनरवालीला सांगितलं की किनाऱ्याच्या दहाही शीट काढून ठेव आणि ओलं फडकं आण. कागद आणि पट्टी घेतली. आखायच्या आधी धाकट्याला फोन लावला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"दार उघडणार नाही उद्या," मी म्हटलं. "आणि सकाळी मी खोटं बोलले. दिसलं होतं मला."

"माहीत होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"ती उजवीकडची जागा. कापली त्या दिवशीच म्हटलं, ताईने कागदावर एवढी जागा मोकळी सोडली म्हणजे खाली काहीतरी असणार." मग म्हणाला, "तू कधी समाससुद्धा सोडला नाहीस."

त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तसाच खांद्यात धरला आणि पाचवा फॉर्म आखायला घेतला, कागदाच्या कडेपर्यंत.